वईतली वाट

करवंदीची काटेरी झुडपं दाबत धाऊ गडी दोन घरांमधल्या वईच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या, मध्यावर आला आणि थांबला.

“अप्पा, हितली वाट ठेवायची का बुजवायची?”

ओसरीवर शब्दकोश उघडून बसलेल्या अप्पांनी मान वर केली नाही.

“बुजव.”

अप्पा मुंबईच्या कॉलेजात जर्मन शिकवत. जर्मनीशी लढाई लागली, वर्ग मोडला आणि ते कर्जतला परतले ते एका शब्दाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन. जर्मनांचा त्साउन म्हणजे कुंपण. डचांकडे तोच टॉइन झाला, म्हणजे बाग. इंग्रजांकडे टाउन, म्हणजे अख्खं शहर. एका आईची ही लेकरं, पण समोरासमोर आली तर ओळख देणार नाहीत. त्यांची नाती जुळवणाऱ्या अप्पांचं शेजारी राहणाऱ्या, थोरल्या भावाच्या विधवेशी, आनंदीवहिनींशी मात्र वर्षभर बोलणं नव्हतं. वाटणीत रायवळ आंबा वहिनींकडे गेला, विहीरही गेली. अप्पा रागाने आपला पोहरा विहिरीवरच टाकून आले. तेव्हापासून त्यांची लेक सुचेता उल्हास नदीवरून पाणी आणत होती.

ती आत्ताही आली. कळशी टेकवून तिने धाऊकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“अप्पा, कुंपणाचं शहर कसं हो झालं?”

“आधी नुसतं कुंपण. मग कुंपणाच्या आतली जागा. मग तिथं राहणारी माणसं.”

“म्हणजे माणसं शेवटी आली.”

अप्पांनी पान उलटलं. धाऊने काट्यांचा भारा उचलला.

“बुजवतो. पन मागल्या साली वई घालायची पाळी वहिनीबायची व्हती. मी म्हनलं, आता हितून कोन येतंय? तर म्हनल्या, ऱ्हाऊ दे रं. तहान काय इचारून लागते?”

वर्षभर ती फट म्हणजे वहिनींचा गबाळेपणा, असंच अप्पा समजत होते. त्यांना लाज वाटली. रिकामी घागर उचलून ते धाऊच्या बाजूने वाटेत शिरले. सदऱ्याची बाही काट्यात अडकली, ती त्यांनी तशीच ओढून सोडवली.

विहिरीपाशी पोचल्यावर आठवलं, पोहरा ज्याचा त्याने आणायचा असतो. ते तिथंच घोटाळले.

आनंदीवहिनी भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“खुंटीवर आहे, भावोजी.”

पोहरा अप्पांचाच होता. दोर तेवढा नवा होता.