ओले बोंबील आणि सहाची सभा

नाक दाबू नका, मित्रांनो. हा वास माझाच आहे. मी मनोरीच्या किनाऱ्यावरची एक जुनी वलांडी, म्हणजे बोंबील सुकवायची बांबूंची मांडणी. उभे खांब आणि त्यांवर ताणलेल्या दोऱ्या, एवढाच माझा देह. मथुराआत्याच्या वडिलांनी मला बांधलं. नंतर बांबू बदलले, दोऱ्या बदलल्या, जागा मात्र तीच राहिली.

माझ्यावर बोंबील कधी एकटा बसत नाही. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. मथुराआत्याचा हात यात असा चालतो की बघत राहावं! तिचा भाचा चंदर हे तिच्याकडूनच शिकला. पूर्वी माझ्या बाराही ओळी भरायच्या, बाहेरची माणसं थांबून कौतुक करायची. आता चार भरल्या तरी आम्ही देवाचे आभार मानतो.

निवडणूक आली आणि चंदरच्या गळ्यात पक्षाचं उपरणं आलं. उमेदवाराची सभा मी उभी आहे त्याच जागेवर, संध्याकाळी सहाला ठरली. सकाळीच माझ्यासमोर भलंमोठं पोस्टर लागलं. 'विकसित मनोरी'. त्यात फरसबंदी होती, बाकं होती, ओळीने लावलेल्या गाड्या होत्या. मी डोळे फाडून शोधलं. मी त्यात नव्हते.

पाचच्या सुमाराला चंदर आला आणि आत्याला म्हणाला, बोंबील उतरव, वलांडी काढायची आहे. बोंबील तर कालच टांगलेले, आतून ओलेच होते. असे उतरवून ढीग घातला तर सकाळपर्यंत कुजणार. चार ओळी म्हणजे आत्याची अख्ख्या आठवड्याची कमाई. आणि मला ठाऊक होतं, आज सभेसाठी मला काढलं तर मी पुन्हा उभी राहणार नाही. जागा एकदा मोकळी दिसली की ती मोकळीच समजतात.

चंदर वाईट नाही हो. तो खोटंही बोलत नव्हता. गावात जागेचे भाव वाढलेत, बंगले वाढलेत, त्याच्या दोन मित्रांना तिथे कामं लागलीत. आत्याने म्हातारपणी उन्हात उभं राहू नये, असं त्याला मनापासून वाटतं. हे सगळं तो घड्याळाकडे बघत बघत सांगत होता.

आत्याने पोस्टरकडे बोट केलं. "यात मी कुठं बसू, चंदर?"

चंदरला राग आला. साडेपाच वाजले होते. त्याने कोयता घेतला आणि माझी पहिली दोरी सपकन कापली. अर्धी ओळ वाळूत पडली. मित्रांनो, माझे सगळे बांबू हादरले!

आत्या खाली बसली आणि एकेक जोडी उचलून वाळू झाडू लागली. "उतरवायचे तर उतरव," ती म्हणाली, "पण हाताने सोडव. कापू नको."

चंदर दुसऱ्या ओळीशी आला. ओले जबडे ओढले की मांस फाटतं, हे तो घाईत विसरला होता. बोंबलाचे दात त्याच्या बोटांत घुसले. पहिली जोडी फाटली. दुसरी त्याने हळू सोडवली. तिसरीला तो थांबला, आणि ती तशीच हातात धरून वाळू झाडणाऱ्या आत्याकडे बघू लागला.

तेवढ्यात उमेदवाराची गाडी आली. साहेबांनी हसत विचारलं, अजून झालं नाही का?

चंदरने ती जोडी माझ्या दोरीवर परत ठेवली. "साहेब, हे ओले आहेत. परवापर्यंत निघत नाहीत. सभा देवळापुढे घ्या."

साहेबांचं हसू गेलं. सभा देवळापुढे झाली. शहराची उलाढाल किती वाढली, हे भोंग्यावरून इथपर्यंत ऐकू येत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. इथे चंदर माझी दोरी बांधत होता. चंदरचं उपरणं त्याच संध्याकाळी पक्षाकडे परत गेलं.

पोस्टर अजून तसंच आहे, मित्रांनो. माझ्या दिवसांची खात्री मला नाही. माझ्या कापलेल्या दोरीला मध्येच गाठ आहे, तिथे बोंबील बसत नाही. उद्या तुम्हालाही कुणी असं सुंदर चित्र दाखवील, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण आधी त्या चित्रात मथुराआत्या शोधा.