कमानीतला आवाज

जालन्यात मस्तगडाच्या मागे एक जुनी कमान आहे. तिच्या दगडातून गेलेली माणसं बोलतात, असं सांगणाऱ्या आणि त्या दगडाला कान लावून बसलेल्या एका बाबांभोवती आमच्या बचत गटाच्या साऱ्या बाया दाटीवाटीने उभ्या होत्या. बाबा डोळे मिटून म्हणाले, "शहागड. ट्रक. आर्यन नाव. पाणी मागून राह्यला तो."

बायांनी हात जोडले. आर्यन माझा भाचा. त्याची आई, माझी कौसल्यावहिनी, तशीच उभी होती. शहागडला ट्रकखाली पोरगा गेल्यापासून ती अशीच. वाढलं तर जेवायची, उठवलं तर उठायची. जालना बघू, चार माणसांत तिचा दिवस जाईल, म्हणून मीच तिला कुंभार पिंपळगावहून सहलीला आणलं होतं.

"डॉक्टरच्या गोळ्यांनी लेकराची वाट अडवली," बाबा म्हणाले. "त्या सोड, मंग रोज बोलंल तो."

वहिनीने पिशवीतून गोळ्या काढून कमानीच्या पायाशी ठेवल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी अंगावर काटा आला. मग ध्यानात आलं की बाबांनी ज्यांची गेलेली माणसं ओळखली, त्या साऱ्या गाडीत पुढे, गाइड राधेश्यामजवळ बसल्या होत्या. घरी कोण असतं, कोण गेलं, कसं गेलं, अशी तो वाटभर मायेने चौकशी करत होता. मागच्या बाकांवरच्या बायांशी दगड काहीच बोलला नव्हता.

चहाच्या टपरीवर मी राधेश्यामला एकटं गाठलं. माझी धाकटी बहीण छकुली विहिरीत बुडून गेली, असं त्याला सांगितलं. तो हळहळला आणि फोन घेऊन बाजूला झाला.

पुन्हा कमानीत आलो. मी पुढे झाले. बाबांनी दगडाला कान लावला.

"छकुली," ते म्हणाले. "विहिरीत गार लागून राह्यलं तिला."

"मला बहीणच न्हाई, बाबा. हे नाव मी आत्ता राधेश्यामला सांगितलं."

बाबांचा हात फेट्याकडे गेला. आमच्यात वयाने मोठ्या बेबीनंदामावशींनी पुढे होऊन बाबांच्या फेट्याची कानावरची घडी उचलली. आत फोनचं, कानात बसवायचं बिनवायरचं यंत्र होतं. राधेश्याम लांबून फोनवर सांगायचा, बाबा दगडाला कान लावून तेच ऐकायचे. राधेश्यामला शोधलं, तर तो केव्हाच बाजारात शिरला होता.

"मंग आर्यन बोलला न्हाई?" वहिनीने मला विचारलं.

"न्हाई, वहिनी. गेलेलं माणूस दगडातून बोलत न्हाई. तू गाडीत जे सांगितलंस, तेच त्यांनी तुला ऐकवलं."

ती रडली नाही. वाकून गोळ्या उचलल्या, पदराने धूळ पुसली. मग कुणाकडेच न बघता बोलली.

"आर्यन तहानला, म्हणले बाबा. मला वाटलं, इतके दिस झाले, पोराला पाणी दिलं न्हाई मी." ती बायांकडे वळली. "बायांनो, कुणी आपल्या घरातलं सांगू लागला, तर हात जोडायच्या आधी इचारत जा, ह्याला हे सांगितलं कुणी."