तुरीकडची पात

सुवर्णाला सहावा महिना लागला होता आणि लघवीचा संसर्ग दुसऱ्यांदा झाला होता. पुन्हा झाला तर बाळ वेळेआधी येऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून अर्पिताला घाई होती. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली ही मुलगी बेला मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, या गावात आरोग्य पाहणीसाठी आली होती. कापूस वेचणाऱ्या बत्तीस बायकांपैकी एकोणीस जणींना हाच त्रास. तिचा संशय वस्तीच्या विहिरीवर होता. पण तीनदा तपासूनही पाणी स्वच्छच निघालं.

शेवटी ती सुवर्णाच्या टोळीबरोबर शेतात गेली. कमरेएवढी कपाशी, बाकी लांबवर आडोसा नाही. दुपार झाली तरी सुवर्णानं घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

"पाणी का पीत नाहीस?"

"पेऊन जाऊ कुठं?" सुवर्णाचे हात थांबले नाहीत.

शेजारची द्वारकाबाई हसली. "बाप्याइचं बरं हाय, मॅडम. धुऱ्यावर उभे राह्यले का झालं. आमी पहाटे जाऊन येतो, ते मंग दिवस बुडल्यावर."

अर्पितानं तिथंच वही उघडली. त्रास नसलेल्या तेरा जणी त्याच विहिरीचं पाणी पीत होत्या, पण सगळ्या जयवंताबाईच्या टोळीतल्या होत्या. ती टोळी पलीकडे उद्धवराव या लहान शेतकऱ्याच्या वावरात होती; अर्पिता तडक तिकडे गेली. तिथं कपाशीच्या दर आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ होती, माणसापेक्षा उंच, पिवळ्या फुलांनी भरलेली.

"तूर नसन त्या वावरात मी माया बाया नेतच नाही," टोळी सांभाळणारी जयवंताबाई म्हणाली. "मोठे मालक तणनाशक मारतात, तिथं तूर जगत नाही. मजुरी जास्त देतात, पण बाई जाईन कुठं? अन् तुरीकडची पात पोटुशीची. माया सासूच्या येळेपासून."

दिवसभर पाणी न पिणं, लघवी रोखून धरणं; संसर्गाचं कारण म्हणून अर्पितानं वहीत हेच लिहिलं. कोणत्या मालकानं तूर ठेवली आणि कोणी काढून टाकली, यावर कोणाच्या पोटातलं बाळ किती दिवस टिकेल हे ठरत होतं. आणि ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्या बायकांनी हे कधीच ओळखून वेचणीच्या पाती, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याच्या ओळी, वाटून घेतल्या होत्या.

"मावशी, सुवर्णाला घ्याल?"

"ते नेरडीगोंड्याहून आलेली सून? जास्त भेटते म्हणून तिच्या सासूनं तिकडं धाडली."

"सासूला मी समजावते."

"तुया कागदानं ते आयकन? राहू दे, मीच जातो. ते सासू दोन्ही खेपेला पोटुशी होती, तवा तुरीकडची पात मीच सोडली होती तिच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी ती पात सुवर्णाला मिळाली. दहाच्या सुमारास ती पोटभर पाणी प्यायली, थोड्या वेळानं तुरीआड जाऊन आली आणि पुन्हा वेचू लागली. कोणी मान वर करून पाहिलंही नाही. अर्पिता मात्र शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभी राहून पाहतच राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा जिवंत पेशी दिसली होती, तेव्हाही तिची नजर अशीच हलली नव्हती.