किट की तयार

...आणि बोटानं दाबलं की ते आत जात होतं, सोडलं की हळूहळू पुन्हा वर येत होतं. मोसंबीएवढं काळं चाक, मऊ, आत स्पंज भरलेला. पूर्णिमाला कळत होतं की आपण हे उगाच दाबत उभ्या आहोत. चाकाकडे बघितलं की समोरच्या दोन खोक्यांकडे बघावं लागत नाही, एवढंच.

"मऊ असतं म्हणून दगड धरतं," दुकानाची मालकीण भाग्यश्री म्हणाली. "कडक चाक घसरतं."

"पळते का जोरात?"

"पळणारी हवी असेल तर शेजारी सायकली मिळतात, काकू. ही रांगते. पण चढते."

रांगते... रंगनाथही हेच म्हणाले होते, तळजाईच्या टेकडीवरून परत येताना. तिथे चार-पाच जण रिमोटवरच्या गाड्या खडकावर चढवत होते, आणि तिचा नवरा, गेलं दीड वर्ष थरथरणारा उजवा हात खिशात लपवून हिंडणारा तिचा नवरा, तासभर तिथून हलला नव्हता. घसरली की पुन्हा मागे, चाक जरा तिरकं, पुन्हा वर. घरी येईपर्यंत ते बोलत होते. मग महिनाभर कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर डाव्या हाताचं वेडंवाकडं अक्षर — कुठली मोटर, कुठल्या गाडीचे सुटे भाग पुढे मिळत राहतात, कुठलीत लोखंडी गिअर नंतर बसवता येतात, आणि हे सगळं खिशाला झेपेल असं कशात. शेवटी दोन उरल्या. एक तयार, बॅटरी भरा, चालवा. दुसरी किट, म्हणजे पुड्यांत बंद केलेले भाग, दोनशेच्या वर स्क्रू, आणि एक पुस्तिका. हडपसरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या, केसाएवढा फरक बोटानं ओळखणाऱ्या माणसाला खरं तर हा प्रश्नच पडायला नको होता.

पण पडला. आज सकाळी.

चातुर्मासात स्नानापासून नैवेद्यापर्यंत तिचं मौन असतं. अकरा वर्षं झाली, एकदाही मोडलेलं नाही; त्या वेळात ती देवासमोर बसून लक्ष वातींच्या संकल्पातल्या त्या दिवसाच्या वाती वळते. आज ते समोर येऊन बसले. हात खिशातून काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला, जणू दाखवायलाच आणला होता. "किट आणलं तर जमेल का गं मला?"

तिनं हाताकडे पाहिलं. आणि वात वळली. मग दुसरी वळली. बोटं थांबली नाहीत, कापूस तुटला नाही, एकही वात जाड-बारीक झाली नाही... ते बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, "बरं. तयारच आण." आणि उठताना तो हात पुन्हा खिशात गेला.

व्रत होतं. व्रत म्हणजे व्रत, त्यात आज सोयीचं आणि उद्या गैरसोयीचं असं नसतं. बिबवेवाडीच्या स्टॉपवर बसची वाट बघताना तिनं हे स्वतःला तीनदा सांगितलं, बसमध्ये आणखी कितीदा तरी. आणि प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर कुठेतरी काहीतरी सरकतच राहिलं, पदर नीट खोचलेला असूनही सुटल्यासारखा वाटावा तसं.

"जोडणार कोण? काका?"

"हो."

"मग किट न्या. भीती वाटत असेल तर तयार न्या आणि हळूहळू बदला. आधी स्टिअरिंगची मोटर, मग गिअर, मग चाकांत वजनं. बरेच जण तसंच करतात. स्क्रू तेच, पण उघडायचे कधी ते आपल्यावर."

किती सरळ. कुणाचंच मन मोडणार नाही, त्यांनी नाही उघडली तरी कुणी काही म्हणणार नाही... "हीच द्या" असं अगदी ओठांवर आलं तिच्या, आणि तिथेच थबकलं. कारण हेही सकाळसारखंच होतं. न दिलेलं उत्तर, फक्त आता खोक्यात घालून, वर पिशवी.

भीती तरी कसली वाटते मला? हात हरेल याची, की — शर्टाची बटणं रोज सकाळी मी लावते. ते हनुवटी वर करून उभे राहतात, मी बोलत नाही, तेही बोलत नाहीत. एकतीस वर्षांत ते माझ्यासमोर इतका वेळ कधी स्थिर उभे राहिले नव्हते. मला ते आवडतं. देवा, मला ते आवडतं... आणि दोनशे स्क्रू बसवणारा माणूस उद्या सात बटणंही लावील.

तिनं चाक काउंटरवर ठेवलं, दुकानाबाहेर पायरीवर आली आणि फोन लावला.

"अहो, मी दुकानात आहे."

"घेतलीस?"

"नाही अजून. सकाळी तुम्ही विचारलंत ना, जमेल का म्हणून... मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही."

"हे सकाळी सांगायचं होतंस."

"मौन होतं."

"चहा हवा की नको ते सांगतेस की हातानं."

रस्त्यावरून एक टेम्पो रिव्हर्स घेत गेला, त्याचं टूं-टूं संपेपर्यंत ती थांबली.

"तुम्हीच सांगा मग," ती म्हणाली. "तयार आणू की किट?"

पलीकडून काही आलं नाही. फोन कापला गेला का म्हणून तिनं पाहिलं, चालू होता. रागावले असतील. नाही, रागावले की फोन ठेवतात. दुखावले असतील... की हाताकडे बघत असतील? पंख्याचा आवाज येत होता, लांब कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि त्यांना तर कुठलंच व्रत नव्हतं. तिनं एका उसाशाचा अर्थ 'किट' असा लावला, पुढच्याचा 'राहू दे', मग दोन्ही पुसले. सकाळी ते समोर बसले होते तेव्हा — एकेक वात वळली जात असताना — हे एवढं लांब होतं?

मन असं सैरभैर झालं की ती नामस्मरण करते. सवयीनं जीभ टाळूकडे वळलीही. पण नामाच्या आवाजात त्यांचा श्वास ऐकू येणार नाही असं वाटलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं नाम बाजूला ठेवलं, फोन कानाशी आणखी घट्ट धरला, आणि भर दुपारच्या उन्हात तशीच उभी राहिली.