राजीखुशीने

सोनुबाई वाचायला शिकली ती नातीच्या, जागृतीच्या, मागे लागता लागता. शाळेनं तिसरीच्या पोरांना घरी सरावासाठी मोबाईलमधलं एक ॲप दिलं होतं. मोबाईल पुढ्यात धरायचा, धडा मोठ्यानं वाचायचा, आणि चुकलं की आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "परत बघू या." जागृती दोन ओळी वाचून खेळायला पळायची आणि मोबाईल पाटावर एकटाच बडबडत बसायचा. एकदा त्याला गप करायला म्हणून सोनुबाईनं पडद्यावर बोट टेकवलं. ते पडलं एका अक्षरावर.

"क," आतली बाई म्हणाली.

सोनुबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि शेजारच्या अक्षरावर बोट ठेवलं.

त्याला आता दहा महिने झाले होते. सुनेनं, हर्षलानं, सासूच्या नावानं वेगळं खातं उघडून दिलं. कमलेश आईला हसला, मग हसायचा थांबला. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई जी सुटली ती खालापूरच्या स्टँडवरच्या पाट्या, खताच्या गोणी, गॅसच्या टाकीवरच्या सूचना, जे दिसेल ते वाचत सुटली. बाजारात चालता चालता थांबायची आणि मागची माणसं तिच्यावर आदळायची.

माघातल्या एका दुपारी घरातलं वाचायचं सगळं संपलं, तेव्हा तिनं स्वतःची ट्रंक उघडली.

वर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. त्याचं नाव तिनं पहिल्यांदाच छापलेलं वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. त्याच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत चार पानांची एक झेरॉक्स होती. ती कशाची हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, आई वारली त्या साली, तिच्या थोरल्या भावानं, श्रीपतनं, तिला कर्जतला कचेरीत नेलं होतं. 'आईच्या मागं जमिनीला वारस लावायचेत, तुझंबी नाव लागंल,' म्हणाला होता. तिथल्या साहेबांनी काहीतरी विचारलं, भाऊ कानाशी म्हणाला, 'हो म्हण,' ती हो म्हणाली. अंगठा दिला. बाहेर आल्यावर कागद लिहिणाऱ्यानं एक झेरॉक्स तिच्या हातात दिली, त्यालाही श्रीपतनं हरकत घेतली नाही. वाचणार कोण होतं? मग त्यानं तिला गरम भजी खाऊ घातली आणि एसटीत बसवून दिलं.

आपलं नाव शोधायचं म्हणून तिनं ते कागद पुढ्यात घेतले. नाव सापडलं. मग ती वरच्या मोठ्या अक्षरांवर आली. "ह... क्क... सो... ड... पत्र."

अक्षरं लागली, अर्थ लागेना. हर्षलानं शिकवलं होतं तसा तिनं कागदाचा फोटो काढला आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हक्कसोड," आतली बाई म्हणाली. "म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा दुसऱ्याच्या नावे कायमचा सोडून देणं. शाब्बास, सोनुबाई! आज तुम्ही एक अवघड शब्द शिकलात."

सोनुबाईला वाटलं, मोबाईल चुकला. तिनं पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तेच, पुन्हा शाब्बास. मग ती एकेक शब्द जोडत खाली वाचत गेली. "सदर मिळकतीतील माझा वारसाहक्क मी... कोणत्याही दड... दडपणाशिवाय... राजीखुशीने... कोणताही मोबदला न घेता... माझे बंधू श्रीपत यांचे लाभात... कायमचा सोडून देत आहे." खाली काळा, पसरलेला अंगठा. तिचाच.

हर्षला मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. आत आली तेव्हा सासू भिंतीला टेकून बसली होती आणि कागद फरशीवर पडले होते. तिनं ते उचलून वाचले आणि सासूपुढं बसली.

"आई, शेलूची जमीन..."

"इकली ना दादानं," सोनुबाई म्हणाली. "बिल्डिंगी झाल्या. मी वास्तुशांतीला गेलती त्याच्या नव्या घराच्या. लुगडं नेसवलं मला त्यानं." आणि जरा थांबून, "राजीखुशीनं म्हंजे माझ्याच खुशीनं ना गं?"

हर्षलानं कागद गोळा करून पिशवीत घातले.

रात्री कमलेश कामावरून आला, त्यानं कागद बघितले आणि मामाला फोन लावायला निघाला. सोनुबाईनं मोबाईल काढून घेतला. "माझा अंगठा हाय. मीच जाईन."

दुसऱ्या दिवशी हर्षलानं स्कूटी काढली. चौक, कर्जत, नेरळ करत दोघी शेलूला पोचल्या तेव्हा दहा वाजले होते. स्टेशनच्या अंगाला सात-सात मजले उभे होते आणि प्रत्येक गॅलरीत कोणाकोणाचे कपडे वाळत होते. इथं कुठं बांध होता, कुठं आई भात लावायची, हे सोनुबाईला सांगता आलं नसतं.

श्रीपत ओटीवर चहा पीत होता. बहिणीला बघून खुलला. "ये गं सोने! आज कशी वाट चुकलीस? अगं ए, चहा टाक, सोनी आलीय!"

सोनुबाई बसली नाही. तिनं पिशवीतून कागद काढला.

"काय हाय त्यात? कमलेशला द्यायचा, त्यानं वाचला असता," श्रीपत म्हणाला आणि हात पुढं केला. कागद त्याला न देता सोनुबाईनं तो डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. हळूहळू, जोडाक्षरावर अडखळत, पण थांबली नाही. दुसऱ्या ओळीला श्रीपतच्या हातातली बशी कलली आणि चहा त्याच्या धोतरावर सांडला. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो कागदाकडं बघतच नव्हता. बहिणीच्या ओठांकडं बघत होता.

"...कायमचा सोडून देत आहे," सोनुबाईनं संपवलं.

"तुला वाचता येतं?" श्रीपत म्हणाला. एवढंच म्हणाला.

आपण का आलो, काय विचारायचं होतं, सगळं सोनुबाईच्या डोक्यातून पुसलं गेलं. भाऊ म्हणेल, कागदात चूक झाली. म्हणेल, अडचण होती, सांगणार होतो. वाटेत तिनं त्याच्या वतीनं दहा उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही.

"दादा, तू मागितलं असतंस तर मी दिलं नसतं का रं?" ती कशीबशी म्हणाली. "इचारायचंस तरी."

दारात तिची वहिनी, चंद्रभागा, चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अवं, वन्सांना फसवून अंगठा घेतलात तुमी? सख्ख्या बहिणीचा?"

आता श्रीपतचा आवाज चढला. बायकोसमोर उघडं पडणं त्याला सोसेना. "फसवून काय? जगाची रीत हाय! समदे भाऊ घेतात बहिणींचं लिहून. तुझ्या भावांनी नाय घेतलं तुझं? दहिवलीच्या कचेरीत माहेरच्या कामासाठी म्हणून नेलतं तुला, आठवतंय? मीच साक्षीदार व्हतो त्याला!"

बोलून गेला आणि थांबला. पण शब्द सुटला होता.

चंद्रभागेनं कप खाली ठेवले. एक, मग दुसरा, मग तिसरा, अगदी सावकाश. "भाऊ म्हणाले, पाण्याच्या नळाचा अर्ज हाय," ती म्हणाली. "तुमी मागं उभं व्हतात. तुमी हसलात माझ्याकडं बघून."

मग ती नवऱ्याकडं न बघता आत गेली आणि दाराला आतून कडी घातली. श्रीपत धोतर झटकत राहिला. हर्षलानं सासूचा दंड धरला आणि दोघी स्कूटीकडं वळल्या.

पुढच्या आठवड्यात त्या कर्जतला उज्ज्वला वकीलबाईंकडं गेल्या. बाईंनी कागद चाळले. विकलेली जमीन परत येणं कठीण, पण घरामागचा तुकडा अजून श्रीपतच्याच नावावर आहे, त्यासाठी भांडता येईल, म्हणाल्या. "पण समोरचा पहिला प्रश्न विचारेल, की एकोणीस वर्षं गप्प का बसलात? तुम्हाला हे कधी कळलं? त्याला पुरावा काय?"

"कळलं तवा घरात मीच एकटी," सोनुबाई म्हणाली. "आणि त्यो मोबाईल."

वकीलबाईंनी मोबाईल मागून घेतला. हर्षलाच्या मदतीनं त्यांनी ॲपमध्ये कुठं कुठं बोटं फिरवली. वाचलेल्या प्रत्येक पानाची तिथं तारीख होती, वेळ होती. जागृतीच्या खात्यात तो पहिल्या दिवसाचा 'क'ही होता. कोणत्या अक्षराला किती वेळा चुकली, तेही होतं. आणि प्रत्येक वाचनाचा आवाज जपून ठेवलेला होता.

"हे समदं राहतं आत?" सोनुबाईनं विचारलं. घरात बोललेलं काय काय त्यात असेल या विचारानं तिनं पदर तोंडावर घेतला.

बाईंनी माघातली ती दुपार लावली. सोनुबाईचा आवाज आला, अडखळता, मग "राजीखुशीने", मग "कायमचा". मग बराच वेळ काही नाही. आणि मग त्या लहानशा ऑफिसात एक हंबरडा फुटला, असा की बाहेरच्या बाकावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

"ही कोण?" सोनुबाईनं विचारलं.

"तुम्हीच, आई," हर्षला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी मागच्या दारी होते. शेजारच्या चक्कीचा आवाज होता, मला ऐकूच नाही आलं."

"मी रडली नाय," सोनुबाई म्हणाली. "मी नुसती बसून व्हती." तिला खरोखर तसंच आठवत होतं. मोबाईलमधली बाई मात्र रडतच होती, आईला, दादाला हाका मारत होती.

"एवढं काढून टाका," ती म्हणाली. "वाचलेलं ठेवा. रडलेलं नको. चारचौघांत भाऊ ऐकंल."

"कापलं तर पुरावा राहत नाही, मावशी. दिलं तर पूर्ण द्यावं लागेल."

रस्त्यानं वाळूचा डंपर गेला, खिडकीची काच थरथरली.

"मग द्या पुरं," ती म्हणाली.

दावा लागला. श्रीपतनं दोन माणसं मध्ये घालून बघितली, मग वकील लावला. भाऊबीजेला यंदा फोन आला नाही, आणि सोनुबाईनंही केला नाही. निकाल कधी लागेल हे वकीलबाईंनाही सांगता येत नव्हतं.

पहिल्या तारखेला सोनुबाई नि हर्षला कोर्टाच्या व्हरांड्यात बसल्या होत्या. समोरच्या बाकावर श्रीपत, मान खाली घालून. अकराच्या सुमाराला फाटकातून चंद्रभागा आली. श्रीपतनं सरकून तिला जागा केली. ती त्याच्यासमोरून गेली, सोनुबाईच्या शेजारी टेकली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून नणंदेपुढं धरली.

"प्या, वन्स," ती म्हणाली. "ऊन लई हाय."