सायमाच्या झाडावरचा तांब्याचा मासा

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे. पण पाण्यात मात्र आजवर कधी उतरलो नाही. मी तांब्याच्या पत्र्याचा आहे. वर्षातून दोन-तीन आठवडे मी नाताळच्या झाडावर लटकतो आणि बाकीचे दिवस बुटांच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पडलेला असतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी झाला. मला घडवणारा उर्हो लाहतेला हा तांब्याच्या खाणीवर यंत्रदुरुस्तीचे काम करायचा. त्याचे आणि सायमाचे नुकतेच लग्न झाले होते. पहिल्या नाताळला त्याने रानातून स्प्रूसचे सूचीपर्णी झाड तोडून आणले आणि खोलीत उभे केले. मग दोघांच्या लक्षात आले, की झाडावर लावायला घरात काहीच नाही.

"नुसतं झाड तर बाहेरही होतं," सायमा म्हणाली. "आत कशाला आणलंस, पाहुणचाराला?"

उर्हो मुलखाचा अबोल. दुसऱ्या दिवशी तो कामावरून पत्र्याचा एक उरलेला तुकडा घेऊन आला. त्याने तो माशाच्या आकारात कापला, कानशीने कडा घासल्या, खिळा ठोकून डोळा पाडला आणि त्यातून गळाची दोरी ओवली. झालो मी तयार! सायमा तेव्हा हेरिंग माशांना मीठ लावून बरणीत भरत होती. तिला थोडी मदत करून उर्हो उठला आणि तशाच हातांनी त्याने मला फांदीला अडकवले.

"अरे, हात तरी धुवायचेस!"

"मासाच आहे तो," उर्हो म्हणाला. "त्याला मिठाचं काय वावडं?"

पुढच्या नाताळला खोके उघडले, तेव्हा त्या मिठाने माझ्या पोटावर उर्होच्या अंगठ्याचा काळपट ठसा उमटलेला होता. त्यातली रेषा न् रेषा दिसत होती. सायमाने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, "सापडला रे सापडला चोर!" उर्हो हसला. तो हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

त्यांचा मुलगा रेइनो अजून रांगत होता, तेव्हाची गोष्ट. हिवाळा सरत आला होता. सरोवरावरचा बर्फ वरून घट्ट दिसत होता, पण आतून कच्चा झाला होता. उर्हो बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला, तो परत आला नाही. गावकऱ्यांनी पुष्कळ शोधले. त्याची टोपी सापडली. तो सापडला नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षे मला झाडावर दुसऱ्या कुणी लावले नाही. सायमा स्वतःच लावायची, तिच्या खुर्चीसमोरच्या फांदीला. लावण्याआधी ती आपला अंगठा त्या ठशावर अलगद टेकवायची. मलाही ती ऊब कळायची.

रेइनो मोठा झाला. त्याला मी मुळीच आवडत नव्हतो. "आई, तो डागाळलेला मासा मागच्या बाजूला लाव ना," तो म्हणायचा. सायमा "बरं" म्हणायची आणि मला आहे तिथेच ठेवायची. तो डाग नाही, हे तिने त्याला कधी सांगितले नाही.

पुढे रेइनो नोकरीसाठी टेक्ससला गेला आणि तिथल्या ग्रासिएलाशी लग्न करून तिला नाताळसाठी घरी घेऊन आला. खिडकीपर्यंत साचलेला बर्फ बघून तिचे डोळेच विस्फारले.

"आई, तुमच्याकडे उन्हाळा कधी असतो?"

"मागच्या वर्षी मंगळवारी आला होता," सायमा म्हणाली. "मी नेमकी घरात होते."

दोघींचे जमेल असे मला वाटले. ग्रासिएला उत्साही होती. रिकामे बसणे तिला ठाऊकच नव्हते. नाताळच्या आदल्या दिवशी सायमा चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला गेली, तेव्हा सासूला तेवढीच मदत म्हणून ग्रासिएलाने आमचे खोके उघडले. मी तिच्या हाती लागलो. तिच्या माहेरी तांब्याची मोठी कढई होती आणि तिची आई ती लिंबू-मिठाने लख्ख घासायची. तिनेही लिंबू कापले.

मित्रांनो, खरे सांगतो, आधी मला बरे वाटले. किती वर्षांची काजळी निघत होती! मग तिने मला उलटे केले आणि पोट घासायला घेतले. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

सायमा परतली, तेव्हा मी झाडाच्या अगदी मधोमध झळकत होतो. ती बूट न काढताच पुढे आली. तिने मला उतरवले, उलटून पाहिले, खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिले.

"हे कुणी केलं?"

"मी!" ग्रासिएला शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाली. "छान निघालाय ना?"

सायमा खुर्चीत बसली. तिच्या बुटांवरचा बर्फ वितळून जमिनीवर पाणी झाले. "माझ्या नवऱ्याचं तेवढंच उरलं होतं," ती म्हणाली.

"काय उरलं होतं?" रेइनोने गोंधळून विचारले. "तो डाग?"

"डाग नव्हता तो. तुझ्या बापाचा अंगठा होता."

ग्रासिएलाने तोंडावर हात धरला आणि ती स्वयंपाकघरात पळाली. रेइनो मात्र जागचा हलला नाही. त्याने मला आईच्या हातातून घेतले आणि माझ्या कोऱ्या पोटावरून बोट फिरवले.

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, सांगत सुटले की तो कमी कमी होत जाईल. म्हटलं, एवढं आपल्यापाशी राहू दे."

"माझाही बाप होता ना तो, आई."

नवरा गेल्यापासून सायमाने स्वतःचे दुःख पुष्कळ सांभाळले होते. पण ज्या पोराला बापाचा चेहराही आठवत नव्हता, त्याच्या वाट्याचे असे आपल्याजवळ काही आहे, हे तिला त्या दिवशी कळले. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ग्रासिएला रडत रडत तांदळाची खीर ढवळत होती.

"खाली लागेल ती, उतरव," सायमा म्हणाली. "आणि डोळे पूस. तुला काय माहीत, पोरी? मी कुणाला सांगितलंच कुठं होतं!"

मग खिरीचे वाडगे घेऊन तिघेही झाडापाशी बसली. सायमाने खोक्यातली सजावटीची एकेक वस्तू हातात घेतली आणि बोलायला सुरुवात केली. कड फुटलेली काचेची घंटा उर्होने कशी खिशात घालून आणली आणि मग कसा तिच्यावरच बसला. पाइनच्या बोंडाला लोकरीची टोपी कुणी विणली. अडखळत, मध्येच थांबत, पण ती बोलत राहिली.

"बाबा घोरायचे का?" ग्रासिएलाने हळूच विचारले.

"घोरायचा? शेजाऱ्यांची गाय दचकून उठायची!"

रेइनो हसला. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. सायमा त्याच्याकडे बघतच राहिली.

आता सायमा नाही. मला पुन्हा तपकिरी रंग चढला आहे आणि माझ्यावर कितीतरी हातांच्या खुणा आहेत. दरवर्षी ग्रासिएला मला आपल्या मुलीच्या, एल्माच्या हातात देते आणि आडपडदा न ठेवता सांगते, "इथं तुझ्या आजोबांचा अंगठा होता. मी तो पुसला."

"मग आजी रागावली?" एल्मा विचारते. उत्तर तिला पाठ आहे, तरी विचारते.

"रागावली तर! आणि मग बोलायला लागली."

मित्रांनो, माझे एवढेच ऐका. घरातल्या जुन्या वस्तू जपा, हे तर खरेच. पण त्यांना हात लावण्याआधी त्यांच्याविषयी कुणाला तरी विचारा. आणि तुमच्यापाशी अशी एखादी गोष्ट असेल, तर ती घरात सांगून टाका. तो ठसा मी माझ्या परीने जपला, पण मी पडलो पत्रा. मला सांगता येत नव्हते. सायमाला येत होते.