कुत्र्याने पथ्य पाळलं नव्हतं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या, कुबड्या, पट्टे बांधलेली मनगटं आणि त्यांना सांभाळून आणणारे नातेवाईक. व्यासपीठावर माझी मावशी उभी होती. तिने दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या, उघडल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा!" पथ्यगुरू गालावरच्या माईकमधून गरजले. "हिला नळ उघडता येत नव्हता. आज शर्टांना काजं करते! शत्रू कुठे आहे? सांध्यात? छे! ताटात!"

"ताटात!" लोक ओरडले.

जटा नाहीत, भस्म नाही. कडक इस्त्रीचा शर्ट आणि गोड आवाज. "तुमच्या पेशी रुसल्यात, माझ्या बहिणींनो. गव्हावर रुसल्यात, दुधावर रुसल्यात. त्यांची समजूत काढा!" पदवीला मी पेशींबद्दल बरंच शिकले. रुसव्याचा धडा झाला तेव्हा मी बहुतेक गैरहजर असेन.

मावशीचा आजार मात्र खरा होता. शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडते, त्या प्रकारचा संधिवात. ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करते. बोटं गेली की काम गेलं. डॉक्टरांच्या गोळ्यांचा हळूहळू गुण येत होता. गुरूंनी त्या बंद करायला लावल्या. त्याऐवजी गहू, दूध, टोमॅटो, वांगं बंद असं कडक पथ्य दिलं आणि रोज सकाळी पाण्यातून घ्यायचं एक चूर्ण. "निव्वळ पानाफुलांचं!"

दुखणं पळालं. ज्यांचं पळत नसे त्यांना गुरू विचारत, "पथ्य मोडलंत ना?" कोणी ना कोणी काहीतरी खाल्लेलं असतंच. एकदा चुकून टोमॅटो पोटात गेला, तर मावशीने फोन करून त्यांची माफी मागितली. तिचा चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, तेज आलंय.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिचं कण्हणं ऐकून ऐकून आत काहीतरी बधिर झालं होतं. मी नुसती बघत होते.

मग आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याने घरात मुतायला सुरुवात केली. बादलीभर पाणी प्यायचा, सारखा खायला मागायचा. एरवी लंगडणारा प्राणी जिन्यावरून धावत सुटायचा. आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याचं सुटलेलं पोट चाचपलं.

"स्टेरॉइड कोण देतंय याला?"

"कोणीच नाही," मी म्हणाले.

मावशी चुळबुळली. "चिमूटभर चूर्ण घालते मी त्याच्या दुधात. त्याचेही गुडघे दुखायचे हो."

"आणि पथ्य?" मी विचारलं.

"कुत्रा कसलं पथ्य पाळतोय गं!"

डॉक्टरांनी मान वर केली आणि मावशीच्या गोल चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी चूर्ण तपासायला प्रयोगशाळेत दिलं. पानाफुलांच्या भुकटीत कुटून मिसळलेलं स्टेरॉइड निघालं. ते सूज झपाट्याने उतरवतं; म्हणून तर चमत्कार. बेहिशेबी घेतलं की चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. कुत्र्याने गहू सोडला नव्हता, दूध सोडलं नव्हतं, गुरूंवर त्याची श्रद्धाही नव्हती. गुण पथ्याचा असता, तर तो लंगडतच राहिला असता.

मावशीने अहवाल ऐकला. "म्हणजे वांगं खायला हरकत नव्हती तर," एवढंच म्हणाली.

पुढच्या सभेत गुरूंनी तिला पुन्हा वर बोलावलं. "ताई, काय काय सोडलंत ते सांगा!"

"गहू सोडला. दूध सोडलं. डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या." तिचा आवाज सपाट होता. "माझ्या कुत्र्याने काहीच सोडलं नाही. तुमच्या चूर्णाने तोही बरा झाला."

हशा पिकला. गुरूही हसले. "मुक्या जीवांची श्रद्धा निर्मळ असते!"

मी वर जाऊन अहवाल वाचला. शेवटी सांगितलं, "चूर्ण एकदम बंद करू नका, शरीराला त्याची सवय झालेली असते; तसं करणं धोक्याचं आहे. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा."

"आमचं दुखणं थांबलंय," एक आजोबा उसळले, "तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

गुरू मागच्या दाराने कधी सटकले ते कळलंही नाही. बरेच लोक पुड्या घट्ट धरून घरी गेले.

मावशीच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी तिचं स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने उतरवलं. जुन्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दुखणंही परत आलं. तिने विचारलं, "मग खाण्यापिण्याचा काहीच उपयोग नाही?"

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "सगळं खा, बेताचं खा. चाला, पुरेसं झोपा, वजन वाढू देऊ नका. त्याने मदत होते. पण औषधाच्या जोडीला, त्याच्या जागी नाही."

चूर्णाच्या काळात दुखणं झाकलं गेलं होतं, आजार मात्र आतून चालूच होता. मावशीच्या उजव्या हाताचं मधलं बोट आता सरळ होत नाही. कारखान्यात तिला घड्या घालायचं काम दिलंय.

खोटेपणा सिद्ध झाला म्हणून बोट सरळ होत नाही. म्हणून प्रश्न पुडी उघडण्याआधी विचारायचा: यात काय आहे, आणि ते कोणी तपासलंय? उत्तर म्हणून "विश्वास ठेवा" एवढंच मिळालं, तर पुडी तिथेच ठेवून घरी यायचं.